खालच्या काकांची पेन्सिल आणि आमचं बाथरूम

बाथरूमचं काम आम्ही काढलं असं जगाला सांगतो, पण खरं तर ते खालच्या काकांनी काढलं.

2023 च्या जूनमध्ये एका रविवारी सकाळी काका जिना चढून वर आले. चहा नको म्हणाले आणि खिशातून फोन काढून त्यांच्या बेडरूमच्या छताचा फोटो दाखवला. ओलीचा पिवळट डाग, त्याच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ, रेघेशेजारी तारीख. तिच्या आत आणखी एक रेघ, आधीची तारीख. अशा एकात एक पाच रेघा, भूगोलाच्या नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या. काका आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. "भांडायला आलो नाहीये, नुसतं दाखवायला आलोय," म्हणाले. पुण्यात कोणी असं म्हटलं की प्रकरण गंभीर आहे असं समजावं.

आमची इमारत कोथरूडमधली, 1989 ची, तळमजला अधिक तीन मजले. आम्ही दुसऱ्यावर, काका पहिल्यावर. बेडरूमला लागून असलेलं आमचं बाथरूम सात बाय पाच फुटांचं, इमारतीच्याच वयाचं. भिंतीला तीन फुटांपर्यंत सहा बाय सहाच्या पांढऱ्या टाइल्स, वर ऑइलपेंट, खाली मोझॅकची फरशी. सकाळी पहिला नळ सोडला की लालसर पाणी यायचं आणि आम्ही शांतपणे ते मग भरून ओतून द्यायचो. चौतीस वर्षांत घरात तीन फ्रीज आणि दोन वॉशिंग मशीन बदलली, बाथरूमला कोणी हात लावला नाही. चालत होतं ना.

सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारायची गरजच नव्हती. संडास, बाथरूम, सिंक यांची घरातली गळती ज्याची त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची, हे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नियमावलीत, स्पष्ट आहे. आधी आम्ही स्वस्तातला इलाज करून पाहिला. एकाला बोलावून फरशीच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरून घेतलं, 1,800 रुपये. ऑगस्टमध्ये काकांची सहावी रेघ आली.

मग एका मैत्रिणीने तिचे प्लंबरमामा दिले. मामा साठीचे, कमी बोलणारे. आल्या आल्या हातोडा काढतील असं वाटलं होतं, पण त्यांनी आधी खाली जाऊन काकांचं छत पाहिलं आणि त्या रेघा बघून खूशच झाले. म्हणाले, "यांच्यामुळे तुमची निम्मी तोडफोड वाचेल." त्यांचं साधं गणित असं : नळाच्या पाइपात पाणी चोवीस तास दाबाखाली असतं, त्यामुळे तो गळत असेल तर बाथरूम वापरा किंवा न वापरा, डाग वाढणारच. सांडपाण्याची बाजू फुटली असेल तर फक्त वापरल्यावर वाढणार. म्हणून पहिला आठवडा बाथरूमच्या नळांना पाणी सोडणारा कॉक चालू ठेवून बाथरूमला कुलूप. रेघ थोडी सरकली. दुसरा आठवडा कॉकही बंद. रेघ थांबली. तिसरा आठवडा कॉक बंदच, पण स्वयंपाकघरातून बादल्या आणून आंघोळ बाथरूममध्ये. रेघ परत सरकली. म्हणजे पाइपही गळत होता आणि नहाणीही. मामा म्हणाले, "दोन्ही." मला वाटतं, त्या एका शब्दाच्या वजनाची त्यांना पूर्ण कल्पना होती.



आता पैशांचं. एका एफडीची मुदत संपत होती, तिचे एक लाख या कामाला लावायचे ठरले. त्यावर एक रुपया नाही, असं नवरा म्हणाला. (असं म्हणणारा एक माणूस प्रत्येक कामात लागतो.) सगळं एकहाती करून देणाऱ्या एका ठेकेदाराने 2 लाख 60 हजारांचा अंदाज दिला. त्यात काचेचं पार्टिशन होतं, बेसिनखाली कपाट होतं, छताला पीओपी होतं, आणि वॉटरप्रूफिंगसाठी एक ओळ होती : "आवश्यकतेनुसार". दुसऱ्याने उलट टोक गाठलं. जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवू, चार दिवसांत काम, 45 हजार. गळती नसती तर हा सल्ला वाईट नव्हता. पण आमचं दुखणं फरशीच्या खाली होतं. शेवटी ठेकेदार न नेमता माणसं सुटी सुटी घ्यायची, माल आपण आणायचा आणि वर मामांनी लक्ष ठेवायचं असं ठरवलं.

सामान घ्यायला दुकानात गेलो तेव्हा एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली. दुकानातलं बाथरूम आणि आपलं बाथरूम या दोन वेगळ्या जागा आहेत. दुकानात बादली नसते. तिथल्या बाथरूममध्ये माणूस उभा असतो, डोक्यावर ताटाएवढा शॉवर असतो आणि कपडे धुवायचे नसतात. आमच्याकडे सासूबाई, वय चौऱ्याहत्तर, स्टुलावर बसून बादली आणि तांब्याने आंघोळ करतात. मुलगा शॉवर घेतो. मी केस धुवायच्या दिवशी शॉवर, एरवी बादली. विक्रेत्याने तो ताटाएवढा शॉवर आणि भिंतीतला, पाणी शॉवरकडे वळवणारा डायव्हर्टर फार कौतुकाने दाखवला. मामांनी सोबतचं माहितीपत्रक मागून घेतलं आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं : किमान दाब 1 बार. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब होतो साधारण एक बार. गच्चीवरची टाकी आमच्या शॉवरपासून वीस-बावीस फूट वर, म्हणजे जेमतेम 0.6. त्या शॉवरमधून पाणी आलं असतं, पण देवावर अभिषेक करतात तसं. पंप बसवायचा तर आणखी खर्च. आम्ही साधा वॉल मिक्सर (गरम-गार पाण्याचा एकत्र नळ) आणि चार इंची शॉवर घेतला आणि दुकानातून बाहेर पडताना मला चक्क हलकं वाटलं.

काम कधी सुरू करायचं यावर घरात एकच मत होतं, सासूबाईंचं. पितृपक्षात नाही. घटस्थापना 15 ऑक्टोबरला, रविवारी. सोमवारी, 16 तारखेला, पहिला घाव पडला. नरक चतुर्दशी 12 नोव्हेंबरला. मामा बारा दिवस म्हणाले होते, मी मनात वीस धरले, आणि अभ्यंगस्नान नव्या बाथरूममध्ये असं सासूबाईंना सांगून मोकळी झाले. ते सांगायला नको होतं.

तोडफोड तीन दिवस चालली. सोसायटीचा नियम सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा, मधल्या तीन तासांत हातोडा वाजला तर तिसऱ्या मजल्यावरून फोन यायचा. भिंतीतला जीआयचा, म्हणजे लोखंडी, पाइप बाहेर आला तेव्हा मामांनी तो कापून माझ्या हातात दिला. अर्ध्या इंचाच्या पाइपात गंजाचे थर बसून पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं. त्यातून इतकी वर्षं आमच्या आंघोळी झाल्या. तो तुकडा मी अजून ठेवलाय. नवरा विचारतो कशाला. माहीत नाही.

फरशीखाली सन्कमध्ये, म्हणजे बाथरूमपुरत्या खाली घेतलेल्या स्लॅबच्या खड्ड्यात, दहा इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा. तो ओला होता म्हणणं कमी पडेल, चिखलासारखा होता, आणि वास जुन्या विहिरीचा. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं सांडपाण्याचं तोंड, जिथे बिडाच्या पाइपाला जोडला होता तिथला सिमेंटचा सांधा पार सुटला होता. म्हणजे आंघोळीचं थोडं पाणी गटारात आणि थोडं कोब्यात, अशी वाटणी किती वर्षं चालू होती कोण जाणे. सांध्यावर व्हाइट सिमेंट भरणं म्हणजे फ्रॅक्चरला हळद लावणं होतं. राडारोडा 96 पोती निघाला. लिफ्ट नाही, दोन मजले, पोत्यामागे पैसे. तोडणं, उतरवणं आणि टेम्पो मिळून 13,500. टेम्पोवाल्याला मी दोनदा विचारलं, नदीपात्रात टाकणार नाही ना? तो दुखावला. पण पुण्यात राहून हा प्रश्न न विचारणं कठीण आहे.

त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन आला. गीझर आमचा सहा वर्षांचाच, तो ठेवायचा होता. त्याने गीझरचं सॉकेट उघडलं आणि गप्प झाला. अर्थिंगची हिरवी वायर बोर्डात न जाता भिंतीत कुठेतरी गेली होती. माग काढला तर ती जीआयच्या पाइपाला गुंडाळलेली. जुन्या घरांत असं करायचे, लोखंडी पाइप जमिनीत जातो, तोच अर्थ. आता आम्ही तो पाइप काढून सीपीव्हीसीचा घालणार होतो आणि प्लास्टिकमधून अर्थ जात नाही. पाइप बदलला असता आणि वायर कोणी पाहिली नसती, तर गीझर दिमाखात अर्थिंगशिवाय चालू राहिला असता. मेन बोर्डापासून नवी अर्थ वायर ओढली आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला. 4,300 रुपये. बजेटमध्ये हा आकडा नव्हता. त्यावर नवरा काही बोलला नाही.

नळ किती उंचीवर बसवायचा यावर अर्धा दिवस गेला, आणि सगळ्या कामातला तोच अर्धा दिवस मला आवडला. मामा नेहमीच्या सवयीने मिक्सरला तीन फुटांवर खूण करत होते. सासूबाई दारातून म्हणाल्या, "बसल्यावर माझा हात पोचणार नाही हो." मामांनी खडू खाली ठेवला. कोबा काढलेल्या त्या खड्ड्यात फळ्या टाकल्या, वर स्टूल ठेवलं, समोर वीस लिटरची बादली. सासूबाई पदर खोचून बसल्या, आंघोळीला बसतात तशा. हात पुढे केला. जिथे बोटं भिंतीला टेकली तिथे मामांनी खूण केली. फळीपासून उंची मोजून घेतली : 26 इंच. मग म्हणाले, "आता उठा." त्या उठताना उजवा हात आपोआप भिंतीकडे गेला. तिथे दुसरी खूण, आधाराच्या दांडीची. ती भिंत साडेचार इंची विटांची, तिच्यात दांडीचे बोल्ट नीट बसावेत म्हणून तेवढ्या भागात विटांच्या पोकळ्या आधीच सिमेंटने भरून घेतल्या. 26 इंचांवर बादली आरामात बसते आणि उभ्या माणसाला थोडं वाकावं लागतं. वाकणारी माणसं तरुण आहेत.

पाइप सगळा सीपीव्हीसी, जाड जातीचा, एसडीआर 11. मेन लाइन पाऊण इंची, फाटे अर्ध्या इंची. झिऱ्या, म्हणजे पाइपासाठी भिंतीत खोदलेल्या खाचा, बुजवायच्या आधी मामांनी हातपंप लावून 7 किलोचा दाब दिला आणि चहा प्यायला गेले. दोन तासांनी काटा तिथेच होता. मी तोवर प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, पाइपाशेजारी मोजपट्टी धरून. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, काकांच्या तारखांचा गुण लागला असावा. पुढे आरसा लावणाऱ्याने ड्रिल जिथे टेकवलं होतं, तिथे आत गरम पाण्याची लाइन होती. फोटो दाखवल्यावर तो तीन इंच सरकला.

वॉटरप्रूफिंगला सहा दिवस लागले आणि 16,000 रुपये. घासाघीस मी टाइलवर केली, इथे नाही. कोबा पूर्ण काढून स्लॅब धुतला, सुकवला. जमीन आणि भिंत मिळते तिथे काटकोन न ठेवता मसाल्याचा गोल वाटा मारला, कारण तडा पहिला कोपऱ्यातच जातो. त्यावर पॉलिमर आणि सिमेंट कालवून दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, कोपऱ्यांत जाळी. आंघोळीच्या बाजूच्या भिंतीवर तो लेप चार फुटांपर्यंत चढवला. सन्कच्या तळातून मामांनी पाऊण इंचाचा एक पाइप डक्टमध्ये (इमारतीचे पाइप जातात त्या बोळात) बाहेर काढला. उद्या कधी पाणी झिरपलंच तर काकांच्या छतात न शिरता त्या पाइपातून डक्टमध्ये टपकेल आणि आपल्याला कळेल. मामा त्याला चुगलीचा पाइप म्हणतात.

मग पाणी भरून ठेवलं, 48 तास. मी भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण केली. खाली काकांनी स्टूल मांडलं, बॅटरी काढली. दर चार तासांनी ते वर फोन करायचे : "काही नाही." रात्री साडेअकरालाही. माझ्या खुणेपासून पाणी दोरीभर उतरलं, ते उन्हाने असं मामा म्हणाले. बाथरूममध्ये ऊन येत नाही. ही एक गोष्ट मी सोडून दिली.

टाइल्स गुजरातमधल्या मोरबीच्या, मार्केट यार्डाजवळच्या गोदामातून, भिंतीच्या 44 रुपये फुटाने आणि जमिनीच्या 48 ने. चारही भिंतींना सात फुटांपर्यंत लावायच्या ऐवजी आंघोळीच्या दोन भिंतींना सात फूट आणि बाकी दोनांना चार फूट, वर रंग. एवढ्यानेच चौरस फूट बरेच कमी झाले. सगळ्या टाइल्स मिळून 7,860. जमिनीला दुकानदार दोन बाय दोनच्या मोठ्या टाइल्स घ्या म्हणत होता, सांधे कमी. गवंड्याने साफ नकार दिला. लहान जागेत चारही बाजूंनी नहाणीकडे उतार काढायचा तर मोठी टाइल मध्ये वाकत नाही, एक तर उतार सोडा नाही तर टाइल कापा. म्हणून एक बाय एकच्या, खरखरीत, पाय न घसरणाऱ्या.

आणि तरीही उतार चुकलाच. जमीन झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी बादलीभर पाणी ओतलं. सगळं गेलं, बेसिनखालचं बशीएवढं तळं राहिलं. गवंडी म्हणाला, एवढं राहतंच, पुसून घ्यायचं. पाच फुटांत पाऊण इंच उतार ठरला होता, त्याने पाणसळ लावली तर त्या कोपऱ्यात तो उलटा निघाला. त्याला गावी जायची घाई होती, मला दिवाळीची. दोघंही चिडलो. शेवटी मामा मध्ये पडले, सहा टाइल्स उखडून परत बसवल्या, त्याची मजुरी निम्मी मी दिली. द्यायला नको होती असं माझं अजून मत आहे. इपॉक्सी फक्त जमिनीच्या आणि आंघोळीच्या कोपऱ्याच्या सांध्यांना भरलं, बाकी ठिकाणी साधं ग्राउट.

कमोडचा घोळ थोडक्यात सांगते. टाकीसह घेतलेला, 3 आणि 6 लिटरच्या दोन बटणांचा, 8,400 चा. त्याची तोटी भिंतीपासून नऊ इंचांवर आणि आमचा पाइप बारावर. मोजून घ्यायचं काम माझं होतं. जमीन उघडी असतानाच लक्षात आलं म्हणून पाइप सरकवता आला, नाही तर कमोडमागे तीन इंचांची गल्ली राहिली असती, झुरळांसाठी.

9 नोव्हेंबरला, वसुबारसेच्या दिवशी, दार बसलं. फायबरचं, 5,200. बेसिन, नळ, रंग, आरसा धरून एकूण हिशेब 1,13,160 वर गेला. त्यातले तोडफोड, पाइप, प्लंबरची मजुरी आणि वॉटरप्रूफिंग यांचे मिळून 54,700, म्हणजे जवळजवळ निम्मे पैसे अशा गोष्टींत गेले ज्या आता कोणालाच दिसत नाहीत. दिवाळीत आलेल्या नणंदेने बाथरूम पाहिलं आणि म्हणाली, "छान झालंय, पण लाखभर कशात गेले गं?" मी तिला पाइपाचा तुकडा दाखवला. तिला तो फारसा पटला नाही.

नरक चतुर्दशीला पहाटे सासूबाई पहिल्या. तेल, उटणं, नवी जमीन, म्हणून मी दाराबाहेर उभी. आतून तांब्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने हाक आली, "अगं, दांडी जरा गार लागते."

काकांच्या छताला रंग लावून द्यायचं मी कबूल केलं होतं. दिवाळीनंतर रंगारी घेऊन खाली गेले तर काका म्हणाले, इतक्यात नको, वर्षभर बघू. मी म्हटलं, रेघ तर थांबली. हो, म्हणाले, पण थांबली आहे की सुकते आहे हे वेगळं. रंगाचे पैसे मी पाकिटात घालून कपाटात ठेवलेत. डाग आता फिकट तपकिरी झालाय आणि आत सरकतोय, तर काका त्याच्या आतल्या बाजूने नव्या रेघा काढताहेत. त्यासाठी त्यांनी लाल पेन्सिल आणली आहे.